शाळेत पाठवू की घरी ठेवू? तुम्ही कशावरून ठरवता?

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. सकाळची शाळा, व्हॅन पावणेसातला खाली येते. आम्ही दोघंही नोकरीवाले, मी मुलुंडहून फोर्टला जाते. सासूबाई साताऱ्याला. पाळणाघरवाल्या काकू तापाच्या मुलाला घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

काल सकाळी अंग जरा कोमट लागलं. थर्मामीटरवर ९९.८. पण दूध प्यायला, मोजे स्वतः घातले. मग मी पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं आणि पाठवला. (हो, कळतंय. आधी पुढचं वाचा.) अकराला शाळेतून फोन, ताप १०२. लोकल धरून पोचेपर्यंत पाऊण वाजला. ऑफिसबाहेरच्या बाकावर मावशींना टेकून बसला होता, दप्तर मांडीवर, डबा तसाच. बाईंनी एवढंच विचारलं, "सकाळी औषध दिलं होतंत का?" मी हो म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आजही १०१ आहे. डॉक्टर व्हायरल म्हणाले. पण पावसाळाभर याचं नाक वाहतच असतं. प्रत्येक शिंकेला घरी ठेवला तर माझ्या रजा गणपतीच्या आधीच संपतील.

—

अगं, हे आम्ही सगळ्यांनीच केलंय. सिरपचा असर चार ते सहा तास. सहाला दिलंस की अकराला, भर वर्गात, ताप परत डोकं वर काढणार. म्हणून माझा नियम: औषध देऊन पाठवावं लागतंय म्हणजे शाळा नाही. १००.४ किंवा वर ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की मगच व्हॅन. नुसती सर्दी असेल, खातोय, दंगा करतोय, तर दोन रुमाल देऊन खुशाल पाठव. उलटी-जुलाब असतील तर थांबल्यावर निदान एक पूर्ण दिवस घरी. कांजिण्या मात्र सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. आणि तळहात, तळपाय, तोंड बघितलंस का? आमच्या सोसायटीत हँड-फूट-माउथची साथ आहे.

—

एक सांगते, घाबरवायला नाही. पावसाळ्यात ताप उतरला म्हणजे सुटलो, असं धरू नका. डेंग्यूत खरा धोका ताप उतरतो तेव्हाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. माझ्या भाचीचा ताप चौथ्या दिवशी गेला, घरात सगळे खूश, आणि संध्याकाळी पोट दुखून उलट्या सुरू. तडक अ‍ॅडमिट केली म्हणून निभावलं. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पॅरासिटामॉल चालतं, पण आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नका. साचलेल्या पाण्यातून चालला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप).

—

मी मूळ प्रश्नवाली. हात-पाय, तोंड बघितलं, पुरळ नाही. पाण्याचं मात्र विचारायचं सुचलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "व्हॅनपर्यंत जाताना थोडंसं, आई, बुटात गेलं होतं." उद्या सकाळी डॉक्टरांना सांगते. व्हॅनवाल्या काकांना शुक्रवारपर्यंत येत नाही म्हणून कळवलंय. उद्या हे घरी थांबणार, परवा मी.