काऽम, सिरीन, ट्रँक्विल, प्लॅसिड : चौघांनाही ‘शांत’च?

समासटीप
एका इंग्रजी प्रवासवर्णनाच्या अनुवादात अडले आहे. एकाच परिच्छेदात बंदर ‘काऽम’ आहे, मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूचा चेहरा ‘सिरीन’, मागची बाग ‘ट्रँक्विल’ आणि कुंपणापलीकडच्या गायी ‘प्लॅसिड’. (‘ऽ’ हा अवग्रह मुद्दाम दिलाय, नाहीतर कामधंदा वाचला जातो.) खर्ड्यात चारही ठिकाणी ‘शांत’ पडलं. संपादकांनी तीन खोडून समासात ‘प्रशांत, निवांत, सौम्य वापरा’ असं लिहिलंय. प्रशांत गायी कशा चालतील?

नीरक्षीर
आधी इंग्रजीतला फरक पाहू. ‘काऽम’मागे खळबळीची शक्यता असते: ती होऊन गेलेली असते, येणार असते किंवा दाबलेली असते. म्हणून वादळाआधीची शांतता ‘काऽम’, आणि चिडलेल्याला सांगतात ते ‘काऽम डाउन’. ‘सिरीन’ला असं क्रियापद नाही, कुणाला हुकूम देऊन सिरीन करता येत नाही. लॅटिन ‘सेरेनुस’ म्हणजे निरभ्र, हे मूळचं आभाळाचं विशेषण. ‘ट्रँक्विल’ बहुतेक जागेला किंवा काळाला लागतं आणि त्यात आवाज नसणंही येतं. ‘प्लॅसिड’ हा स्वभाव: सहसा डिवचलं न जाणारा. माणसाला लावलं तर ‘जरा मठ्ठच’ अशी छटा येते, तळ्याला लावलं तर येत नाही. पाचवा ‘कम्पोज्ड’ राहिला. तो फक्त माणसाला, कारण त्यात स्वतःला सावरून धरणं आहे. तळं कम्पोज्ड असू शकत नाही.

गोठ्यातून
गायींचं उत्तर सोपं आहे: गरीब. बाजारात गाय घेताना ‘सौम्य आहे का’ असं कुणी विचारत नाही. ‘गरीब आहे की मारकी’ असं विचारतात. धार काढताना लाथ न झाडणारी, परक्याने हात लावला तरी शिंग न उगारणारी ती गरीब. प्लॅसिडचा यापेक्षा नेमका प्रतिशब्द दुसऱ्या भाषेत तरी सापडेल का!

टवाळखोर
म्हणजे अनुवादात गायी दारिद्र्यरेषेखाली.

गोठ्यातून
‘गरीब स्वभावाच्या’ लिहा, मग शहरातल्यांनाही कळेल. शहरी वाचकाला शब्द माहीत नाही म्हणून तो काढायचा का?

दर्यावर्दी
बंदराकडे या. ‘काऽम’ ही हवामानशास्त्रात मोजून ठरवलेली संज्ञा आहे. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापनात ० म्हणजे काऽम: वारा १ नॉटपेक्षा (तासाला एक सागरी मैल) कमी, धूर सरळ वर जातो. १ ते ३ नॉट झाला की मापन १ : धूर कलतो, पण वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा) फिरत नाही. हे वाऱ्याचं झालं. लाटांची मोजपट्टी वेगळी. तिच्यात ० म्हणजे काचेसारखं पाणी आणि १ म्हणजे १० सेंटिमीटरपर्यंतच्या सुरकुत्या, दोन्हींना ‘काऽम’च म्हणतात. पुढे अर्ध्या मीटरपर्यंत ‘स्मूद’. वारा शून्य असून लांबून आलेल्या लाटांची फुगवटी चालू असू शकते, त्यामुळे दोन्हींना एकच मराठी शब्द वापरला की गफलत होते. वाऱ्यासाठी ‘वारा पडलाय’ हे सरळ आहे.

नीरक्षीर
मग बंदराला ‘निवांत’ का नको? संस्कृत ‘निवात’ म्हणजे वारा नसलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात न हलणाऱ्या ज्योतीला हाच शब्द आहे. उलट इंग्रजी काऽम लॅटिनमार्गे ग्रीक ‘कौमा’पर्यंत नेतात, म्हणजे दुपारचा ताप. त्या तापात सगळे पडून राहतात, ती शांतता. गंमत म्हणजे वाऱ्याशी सोयरीक आपल्या शब्दाची आणि समुद्रावर राबतोय तो त्यांचा.

काटेकोर
निवांतवरचा अनुस्वार कुठून आला ते सांगा, मग व्युत्पत्ती मानू. आणि मानली तरी उपयोग काय? आजचा निवांत म्हणजे घाई नसलेला. ‘निवांत ये’, ‘निवांत बसलोय’. ‘बंदर निवांत होतं’ वाचलं तर होड्यांची वर्दळ नव्हती असं वाटेल, पाण्याबद्दल काहीच कळणार नाही. मुळात तो शब्द बागेला द्या, ट्रँक्विल तिथेच आहे.

सुटसुटीत
इतकं कशाला? लोक ‘कूल राहा’, ‘रिलॅक्स’ म्हणतात. धोनीला सगळा देश ‘कॅप्टन कूल’ म्हणतो, त्याचं भाषांतर कुणी मागितलं का?

काटेकोर
मागत नाहीत म्हणूनच मराठीत शब्द उरत नाहीत. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हाही हसले होते.

सुटसुटीत
महापौर रुळला आणि त्यांचे कितीतरी शब्द रुळले नाहीत. यादीतला सोयीचा तेवढा काढायचा हा जुना खेळ आहे. आता कुणीतरी शिवकालीन राजव्यवहारकोश काढेलच.

नीरक्षीर
धोनीचा कूल म्हणजे कम्पोज्ड, त्याला ‘थंड डोक्याचा’ आहेच. पण ‘डोकं’ गाळू नका. नुसता ‘थंड’ म्हणजे निरुत्साही: थंड माणूस, थंड प्रतिसाद. आणि ‘थंड डोक्याने’ला वर्तमानपत्रांनी पुढे ‘खून’ जोडून ठेवलाय.

पशुवैद्य
ट्रँक्विलचा विषय निघालाच आहे म्हणून. बिबट्या पकडल्याच्या बातमीत ‘ट्रँक्विलायझर गन’चं भाषांतर ‘शांत करणारी बंदूक’ असं येतं. तिच्यातून मारतात त्या सुईत, म्हणजे डार्टमध्ये, बहुधा झायलाझीन आणि केटामीन असतं: पहिलं गुंगी आणून स्नायू सैल करतं, दुसरं भूल देतं. नुसतं ट्रँक्विलायझर दिलेलं जनावर दचकलं की उठून अंगावर येऊ शकतं, म्हणून जोडी लागते. लागू पडायला काही मिनिटं जातात, तोवर जनावर पळतं. बघ्यांना पांगवायचं असतं ते त्याच मिनिटांत. बातमीत ‘शांत केलं’ वाचून लोक जवळ सरकतात. ‘भुलीचं इंजेक्शन’ लिहा.

समासटीप
गायी आणि बाग मिटली. चेहऱ्याचं काय?

नीरक्षीर
प्रसन्न. संस्कृतात ‘प्रसन्न’ पाण्याला लावतात, गाळ खाली बसून स्वच्छ झालेल्या. सेरेनुस आभाळाचा, प्रसन्न पाण्याचा, दोघेही पुढे चेहऱ्यावर आले.

काटेकोर
संस्कृतात असेल. मराठीत प्रसन्न म्हणजे हसरा, टवटवीत. सकाळ प्रसन्न, किंवा देव प्रसन्न, म्हणजे काहीतरी देणार. भिक्षू काहीही देत नाहीये. ‘नितळ’ घ्या.

टवाळखोर
नितळ चेहरा? पुढच्या ओळीत क्रीमचा भाव येईल.

गोठ्यातून
‘निवळलेला’ कसा वाटतो? आभाळ निवळतं, ताप निवळतो, तणाव निवळतो.

नीरक्षीर
चांगला आहे, पण निवळायला आधी गढूळ असावं लागतं. तो काऽमच्या बाजूचा शब्द झाला. सिरीनला आधीचा गाळ आवश्यक नाही. अर्थात लेखकाने भिक्षूचा खडतर भूतकाळ दाखवला असेल तर निवळलेलाच योग्य.

गोठ्यातून
निवळीचं बी माहीत असेलच. रांजणाच्या आतल्या खरबरीत बाजूवर ओलं करून उगाळायचं, मग गढूळ पाणी भरायचं. बियांतल्या द्रव्याने मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. पाणी ढवळत राहिलं तर गाळ बसत नाही, आणि वरचं पाणी न हिंदकळता काढावं लागतं. रोगजंतू मात्र यात सगळे मरत नाहीत, पाणी उकळायचंच.

नीरक्षीर
निवळी म्हणजे संस्कृत कतक. मनुस्मृतीत सहाव्या अध्यायात तिला ‘अम्बुप्रसादक’ म्हटलंय, आणि नुसतं नाव घेतल्याने पाणी ‘प्रसीदति’ असं होत नाही, असं पुढे आहे. प्रसन्नचंच क्रियापद! काटेकोर, आता बोला.

काटेकोर
मनूच्या वाचकासाठी अनुवाद चालू नाहीये.

किनारपट्टी
बंदराला ‘भांगाचं पाणी’ असं का म्हणत नाही कुणी? कोकणात भांग म्हणजे समुद्र शांत.

दर्यावर्दी
नाही. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी. दोन्हींचा संबंध चंद्र-सूर्याशी आहे. लाट वाऱ्याने उठते. उधाणाला पाणी काचेसारखं असू शकतं आणि भांगाला समुद्र खवळलेला असू शकतो.

किनारपट्टी
मग पावसाळ्यात ‘उधाण, साडेचार मीटर उंच लाटा उसळणार’ अशा बातम्या येतात त्या?

दर्यावर्दी
ती लाट नव्हे, भरतीची उंची. नौकानयनाच्या नकाशावरच्या आधारपातळीपासून मोजलेली, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीपासून. लाट असेल तर ती त्याच्या वर वेगळी. मुंबईत पाणी तुंबतं ते बहुधा या उंचीमुळे: भरतीत नाल्यांची तोंडं समुद्रपातळीखाली जातात, त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. लाटा शून्य असल्या तरी.

किनारपट्टी
मग बातमीत ‘लाटा’ घुसल्या कुठून? इंग्रजीत तर ‘हाय टाइड’ असतं.

टवाळखोर
बातमी लिहिणाऱ्याला कुणी समासात टीप दिली नाही, म्हणून.