सगळ्यांना दाखवत दाखवत ऑनलाइन मर्चंडाइज स्टोअर काढलंय? आपापले अनुभव लिहा

स्वतःची डिझाइन्स टीशर्ट, मग, पिशव्यांवर छापून विकायला काढलीत आणि पहिल्या स्केचपासून सगळं लोकांना दाखवलंत, अशांनी लिहाच. सुरुवात मी करते.

पहिलं सॅम्पल आलं तेव्हा मी जाम खूश होते, लगेच फोटो टाकला. पहिलाच प्रश्न आला, तो झगझगीत हिरवा कुठे गेला? मोबाइल शर्टाशेजारी धरून बघितलं तर खरंच की, स्क्रीनवर पोपटी आणि कापडावर पार शेवाळी. स्क्रीन आरजीबीची (लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग दाखवणारी), शाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी), तिच्यात निऑनसारखे रंग येतच नाहीत हे मला तेव्हा कळलं. शिवाय माझी फाइल इतकी लहान की A३ ला ३०० डीपीआय (दर इंचात ३०० ठिपके) म्हणजे साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, माझ्याकडे त्याच्या निम्मेही नव्हते, कडा फाटलेल्या दिसत होत्या. एका छपाईवाल्याने खाली कमेंटमध्येच समजावून सांगितलं. गुपचूप केलं असतं तर अख्खा लॉट तसाच छापून घरी आला असता.

ताई, माझं उलटं झालं. पोल घेतला, काळ्या हुडीला धो धो मतं पडली, मी त्या भरवशावर स्क्रीन प्रिंटिंगने माल काढला (प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे शाई दाबायची जाळीची चौकट लागते, त्यामुळे थोडे नग परवडत नाहीत) आणि ऑर्डरी आल्या अगदीच मोजक्या. मतं देणारे खोटं बोलत नव्हते हो, त्यांना डिझाइन आवडलंच होतं, पण घ्यायचं नव्हतं. आता मी आधी प्रीऑर्डर घेतो, तारीख आणि किमान आकडा जाहीर करतो, तेवढ्या नाही आल्या तर पैसे परत. फार शांत झोप लागते.

मी तीन महिने वेबसाइटच घडवत बसले होते, कोणीतरी सांगितलं की शॉपिफायची (ऑनलाइन दुकानं उभारून देणारी कंपनी) सुरुवातसुद्धा २००४ च्या एका स्नोबोर्डच्या दुकानातून झाली, तू आधी दुकान मांड. तयार टेम्प्लेट घेतलं आणि सुटले.

मला सगळ्यात जास्त प्रतिसाद कशाला मिळाला माहितीये, धुण्याला! एकच शर्ट उलटा करून दहादा धुतला, दर वेळी वाळल्यावर टेप लावून मोजायचो, पहिल्याच धुण्यात लांबी दोन सेंमी आटली, पुढे जवळपास तेवढीच राहिली. तोच आकडा साइज चार्टखाली लिहिला, तेव्हापासून "लहान होतोय" म्हणून परत येणारे शर्ट कमी झाले.

पार्सलचंही लिहा कोणीतरी. कुरिअरवाले बऱ्याचदा वजनासोबत आकारही धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंमीत, भागिले ५०००. माझा ३० बाय २५ बाय १० चा खोका दीड किलो धरला गेला, आत हुडी एकच होती. तीच घट्ट घडी करून पाच सेंमी उंचीच्या पाकिटात घातली तर पाऊण किलो. हा हिशोब मी फोटोसकट टाकला तेव्हा दोघीतिघींनी लगेच खोके बदलले.

एक मात्र सांगते, सगळंच दाखवू नका. माझं अर्धवट डिझाइन कोणीतरी उचलून माझ्याआधी विकायला लावलं होतं, फार रडले तेव्हा. आता चुका, सॅम्पल, हिशोब सगळं दाखवते, पण चित्र पूर्ण होऊन दुकानात लागेपर्यंत त्याचा फक्त एखादा कोपरा.