दोनशे ऑर्डरींचा नियम: सेल्स टॅक्समुळे छोटा विक्रेता मार्केटप्लेसलाच बांधला गेलाय का?

लोकरवेडी

मी न्यू जर्सीत राहते आणि क्रोशाच्या छोट्या वस्तू विकते. फुलं, बुकमार्क, किल्ल्यांना लावायचे गोंडे. एकेक वस्तू सहा-सात डॉलरची. सुरुवात एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर झाली. तिथलं कमिशन जड वाटायला लागलं म्हणून २०२१ मध्ये स्वतःची साइट काढली. दोन वर्षांनी ती बंद करून मुकाट्याने मार्केटप्लेसवर परत आले. कारण एकच, सेल्स टॅक्स, म्हणजे वस्तूच्या विक्रीवर राज्य लावतं तो कर.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९२ च्या क्विल खटल्यातल्या निकालानुसार एखाद्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम किंवा माणूस नसेल, तर ते राज्य तुम्हाला सेल्स टॅक्स गोळा करायला लावू शकत नव्हतं. २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५-४ मतांनी तो नियम मोडीत काढला. साउथ डकोटाच्या कायद्यात मर्यादा होती वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० ऑर्डरी; ती गाठली की बाहेरच्या विक्रेत्यानेही टॅक्स गोळा करायचा. पुष्कळ राज्यांनी तीच उचलली. पाठोपाठ मार्केटप्लेसचे कायदे आले. मार्केटप्लेसवर विकलंत तर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घ्यायचा आणि भरायचा तो मार्केटप्लेसने. स्वतःच्या साइटवर विकलंत तर सगळं तुमच्या गळ्यात.

त्या कायद्यातला "किंवा" हा शब्द नीट वाचा. माझ्या साइटवरून एका वर्षात ओहायोत २०७ ऑर्डरी गेल्या. विक्री झाली साधारण १,३४० डॉलरची. टॅक्स होणार शंभर डॉलरच्या आत. तेवढ्यासाठी ओहायोत नोंदणी, दर काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) वेगळा दर आणि वेळेवर रिटर्न. पाठोपाठ मिशिगन आणि जॉर्जिया. टॅक्सच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं बिल त्या तिन्ही राज्यांच्या टॅक्सपेक्षा जास्त येत होतं. डिसेंबरात, ऐन ऑर्डरींच्या गर्दीत, मी रात्री सुई खाली ठेवून पिनकोड आणि काउंट्या जुळवत बसले होते.

टॅक्स असू नये असं मी म्हणत नाही. पण या नियमांनी मोठ्या मार्केटप्लेसना आयती गिऱ्हाइकं मिळवून दिली आहेत, आणि ती गिऱ्हाइकं म्हणजे आम्ही विक्रेते. कमिशन वाढलं तरी आम्ही जाणार कुठे?

गल्ल्यावरचा

तुमचा त्रास समजतो, तरी असहमत आहे. माझं न्यू जर्सीतच कॅमेऱ्यांचं दुकान होतं. २०१० च्या आसपासची गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक यायचं, अर्धा तास कॅमेरा हातात धरून बघायचं, लेन्स बदलून दाखवायला लावायचं. शेवटी फोन काढून त्या मॉडेलचा ऑनलाइन भाव बघायचं आणि म्हणायचं, "तिथे टॅक्स लागत नाही हो." तेव्हा इथे दर ७ टक्के होता. १,२०० डॉलरच्या कॅमेऱ्यावर ८४ डॉलर. माझा नफाही कित्येकदा तेवढा नसायचा. भाव पाडून स्पर्धा करता येते, पण राज्याचा टॅक्स मी कुठून पाडणार?

आणि तो टॅक्स माफ नव्हता. विक्रेत्याने घेतला नाही तर गिऱ्हाइकाने स्वतः यूज टॅक्स म्हणून भरायचा, असा कायदा तेव्हाही होता. न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळी ओळ आहे. माझ्या ओळखीत एकानेही ती कधी प्रामाणिकपणे भरलेली नाही.

२०१२ मध्ये दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी काचेच्या कपाटांच्या किल्ल्या घरमालकाच्या हातात दिल्या, तो क्षण मी विसरलेलो नाही. वेफेअरचा निकाल सहा वर्षं उशिरा आला, एवढंच मी म्हणेन.

डेलावेअरकर

आमच्या राज्यात सेल्स टॅक्सच नाही. अलास्का, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन यांच्यातही राज्य पातळीवर नाही. तरी इथल्या माणसाने घरात बसून दुसऱ्या राज्यांसाठी वसुली करायची? ओहायोत मला मतदान नाही, तिथली शाळा नाही, तिथला रस्ता मी वापरत नाही. त्यांच्या तिजोरीचा बिनपगारी कारकून मी का व्हायचं?

गल्ल्यावरचा

डेलावेअरकर, टॅक्स तुम्ही भरत नाही, ओहायोचं गिऱ्हाईक भरतं. त्याचा रस्ता, त्याची शाळा. तुमचं पार्सल त्याच्या दाराशी जातं तेही त्याच रस्त्याने. आणि बिनपगारी कारकुनी म्हणाल तर दुकानदार ती पिढ्यानपिढ्या करत आलाय.

लोकरवेडी

गल्ल्यावरचा, तुमच्या दुकानाचं वाचून वाईट वाटलं. तुमच्यावर अन्याय झाला हे मला पूर्ण मान्य आहे. पण तुमच्याकडे एक गल्ला होता आणि एक दर होता. अमेरिकेत सेल्स टॅक्स लावणाऱ्या १० हजारांहून जास्त यंत्रणा आहेत. वेफेअर निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मतात हेच लिहिलं होतं, आणि दाखला कुणाचा दिला? न्यू जर्सीच्या विणकाम करणाऱ्यांचा! इथे स्वेटरसाठी लोकर घेतली तर टॅक्स नाही, तीच लोकर शोभेच्या वस्तूसाठी घेतली तर टॅक्स. इलिनॉयमध्ये चॉकलेटच्या बारांचं बघा: ट्विक्समध्ये मैदा असतो म्हणून ते खाद्यपदार्थ, स्निकर्समध्ये नसतो म्हणून ती कँडी, आणि दोघांचा टॅक्स वेगळा. हे सगळं मी एकटीने पाठ करायचं?

गल्ल्यावरचा

ते विरोधी मत मीही वाचलंय, पूर्ण वाचलंय. जुना नियम मुळात चुकीचा होता हे रॉबर्ट्सनाही मान्य होतं. त्यांचं म्हणणं इतकंच, की तो बदलायचा तर संसदेने बदलावा, कोर्टाने नाही. संसदेने काय केलं? २०१३ मध्ये मार्केटप्लेस फेअरनेस ॲक्ट सिनेटने ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला आणि खालच्या सभागृहाने तो मतदानालाच आणला नाही. आम्ही किती वर्षं वाट बघायची होती?

पानोपानी

मी टेक्सासात जुनी पुस्तकं विकतो आणि विकतही घेतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो.

घेणारा म्हणून: जुन्या पुस्तकाचा टॅक्स ते नवं असताना एकदा भरला गेलेला असतो. यार्ड सेलला कुणी घरातलं पुस्तक विकलं तर त्यावर सहसा कोणी टॅक्स घेत नाही. तेच पुस्तक त्याच माणसाने मार्केटप्लेसवर टाकलं की माझ्या बिलात टॅक्स येतो. तीन वेळा हात बदललं तर तीन वेळा. हे मला पटत नाही.

विकणारा म्हणून: मागच्या महिन्यात ८० डॉलरचा एक संच इथल्याच गिऱ्हाइकाला विकला. ८.२५ टक्क्यांनी टॅक्स ६ डॉलर ६० सेंट. तो मार्केटप्लेसने परस्पर राज्याला भरला, माझ्या हातातही आला नाही. पण कमिशन कापलं ते ८६ डॉलर ६० सेंटवर! तेरा टक्के धरले तर जे पैसे मला कधी मिळालेच नाहीत त्यांच्यावर ८६ सेंट माझे गेले. रक्कम लहान आहे, पण दर ऑर्डरीला जाते. सरकारचा पैसा मोजायचा आणि त्यावर स्वतःची टक्केवारी घ्यायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

गल्ल्यावरचा

इथे मात्र तुमच्या बाजूने. कार्डाच्या मशीनचं कमिशन आमच्याकडूनही टॅक्ससकट रकमेवरच कापायचे. इलिनॉयने २०२४ मध्ये टॅक्स आणि टिपच्या रकमेवर कार्डांचं इंटरचेंज शुल्क (कार्ड देणारी बँक दुकानदाराकडून घेते ते) घ्यायला मनाई करणारा कायदा केला, तर बँका कोर्टात गेल्या. तसाच नियम मार्केटप्लेसच्या कमिशनला लागू व्हायला हवा.

डेलावेअरकर

त्यात आता ते ६०० डॉलरचं प्रकरण. ६०० च्या वर विकलं की फॉर्म येणार आणि पुन्हा टॅक्स.

हिशेबनीस

डेलावेअरकर, तो १०९९-के फॉर्म, म्हणजे तुम्हाला विक्रीचे किती पैसे मिळाले ते सरकारला कळवणारा. त्याचा सेल्स टॅक्सशी काही संबंध नाही, तो तुमच्या उत्पन्नाचा आहे. ६०० डॉलरची मर्यादा २०२१ च्या कायद्याने आणली, ती पुढे ढकलत राहिले, आणि २०२५ मध्ये पुन्हा जुनी मर्यादा आली: २० हजार डॉलर आणि २०० व्यवहार, दोन्ही ओलांडले तरच. इथे तो "आणि" आहे, "किंवा" नाही. फॉर्म आला नाही तरी नफ्यावरचा इन्कम टॅक्स द्यावा लागतोच, हे लक्षात असू द्या.

आता लोकरवेडीताई. मी छोट्या धंद्यांचे हिशेब करते. तुमचं दुःख खरं आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. ओहायो, मिशिगन आणि जॉर्जिया, तुम्ही म्हणता ती तिन्ही राज्यं स्ट्रीमलाइन्ड सेल्स टॅक्स करारात आहेत, म्हणजे सेल्स टॅक्स सोपा करायला राज्यांनी आपसात केलेल्या करारात. अशी २४ राज्यं आहेत, टेनेसी सहयोगी धरून. एकदाच नोंदणी करायची, फुकट, आणि हवी ती राज्यं निवडायची. जिथे तुमचं दुकान, गोदाम काहीच नाही, तिथल्यासाठी करारातली प्रमाणित कंपनी दर काढणं, रिटर्न भरणं सगळं करते आणि तिचे पैसे राज्यं देतात. निकष बसले तर विक्रेत्याला खर्च नाही. तुम्ही ज्या सॉफ्टवेअरला पैसे भरत होतात, ते काम तुमचं बिनखर्चात झालं असतं. साइट बंद करायची गरज नव्हती.

आणि एक विचारते. लोकर घेताना टॅक्स भरता का?

लोकरवेडी

भरते की. शोभेच्या वस्तूंची लोकर असते ना, दुकानदार लावतो.

हिशेबनीस

भरू नका! तुमची न्यू जर्सीत विक्रेता म्हणून नोंदणी असेलच. मग दुकानदाराला एसटी-३ द्या, म्हणजे पुनर्विक्रीचा दाखला. जी लोकर विकायच्या वस्तूत जाते तिच्यावर तुम्ही टॅक्स द्यायचा नसतो, तो शेवटचं गिऱ्हाईक देतं. सुया, कात्री यांच्यावर द्यायचा, कारण ती हत्यारं, ती वस्तूत जात नाहीत. एवढी वर्षं एकाच लोकरीवर दोनदा टॅक्स गेलाय, एकदा तुमच्या खिशातून आणि एकदा गिऱ्हाइकाच्या. जुनी बिलं ठेवली असतील तर काढून ठेवा. किती मागची रक्कम परत मागता येते ते मी तारखा बघून सांगते.

लोकरवेडी

हिशेबनीसताई, बिलं आहेत. एका बुटाच्या खोक्यात सगळी ठेवली आहेत, शाई पुसट झाली असेल तेवढीच. मनापासून आभार. त्या कराराबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. राज्यांची पत्रं आली, दंडाचे इशारे आले, पण "ही फुकट सोय आहे" असं एका ओळीनेही कुणी लिहिलं नाही. मार्केटप्लेसवर ती माहिती लागतच नाही, म्हणून विक्रेत्यांच्या गप्पांतही ती येत नाही.

पण माझा मुद्दा सोडत नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय यातलं एकही त्या करारात नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथली. आणि २०० ऑर्डरींची मर्यादा खुद्द साउथ डकोटाने २०२३ मध्ये काढून टाकली. जिथे ती जन्मली तिथेच ती नको झाली, तर ओहायो आणि मिशिगनने ती का धरून बसावं?

हिशेबनीस

दोनशेबद्दल सहमत, ती जायलाच हवी. मोठ्या राज्यांबद्दल मात्र तुम्ही उगाच घाबरलात. कॅलिफोर्निया आणि टेक्सासची मर्यादा ५ लाख डॉलरची आहे, ऑर्डरींची नाहीच. न्यूयॉर्कमध्ये ५ लाख आणि १०० ऑर्डरी, दोन्ही लागतात. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया १ लाख. सहा डॉलरचे गोंडे विकून तिथे पोचायला किती विणावं लागेल ते तुम्हीच बघा. अडचण होती ती नेमकी लहान मर्यादेच्या राज्यांत, आणि त्यातली तुमची तिन्ही करारात आहेत. म्हणून म्हणते, मार्केटप्लेसने तुम्हाला बांधलं नाही, माहितीच्या अभावाने बांधलं.

पानोपानी

हिशेबनीसताई, माहिती मिळवायला जर हिशेबनीस लागत असेल तर तो नियम छोट्या माणसासाठी केलेला नाही. कॅन्ससने २०१९ मध्ये पहिल्या डॉलरपासून टॅक्स मागायला सुरुवात केली होती, १ लाखाची सूट यायला २०२१ उजाडलं. त्या मधल्या काळात टॅक्स न घेता तिथे एक पुस्तक पाठवणारा माणूसही तिथल्या टॅक्स खात्याच्या लेखी चूकच होता.

गल्ल्यावरचा

लोकरवेडीताई, दोनशेची मर्यादा काढा, माझी हरकत नाही. पण ती काढल्यावर "अजून वाढवा, अजून वाढवा" होऊ नये. ओहायोतही कुणा बाईचं लोकरीचं दुकान असेल. तिच्या दाराशी पहिल्या गिऱ्हाइकापासून टॅक्स लागतो, सहा डॉलरच्या गोंड्यावरसुद्धा. तुमच्या २०७ ऑर्डरींपैकी काही तिच्या गल्लीतल्या असतील. तिला काय सांगायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

लोकरवेडी

तुमचा हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. तिला मी इतकंच सांगेन की तुझ्या गोंड्यावर तू एका दराने टॅक्स घेतेस, तोच दर मला माझ्या घरातून एका ओळीत सापडू दे, मग मीही पहिल्या गोंड्यापासून घेईन. मिशिगनमध्ये हे जमतं, तिथे अख्ख्या राज्यात एकच ६ टक्के. ओहायोत काउंटीगणिक बदलतो.

हिशेबनीसताई, खोकं काढलंय. सर्वात जुनं बिल मार्च २०२० चं आहे, वाचता येतंय.

हिशेबनीस

फोटो काढून ठेवा आधी, शाई अजून उडेल. २०२० चं हातातून गेलेलं असणार, पण अलीकडची वर्षं वेगळी लावा. आणि टॅक्सची रक्कम वेगळ्या रकान्यात लिहा, लोकरीच्या किमतीत मिसळू नका.