इंजेक्शन बंद केल्यापासून वजन परत चढतंय, मदत हवी आहे

घाईत_आहे
नमस्कार. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू केलं तेव्हा ९१ किलो होते, दिवाळीत ७८ वर आले. ८ नोव्हेंबरला शेवटचं टोचलं. आज सकाळी काटा ८३ दाखवतोय. तीन महिन्यांत पाच किलो!

जेवण वाढवलेलं नाही. रोज पाऊण तास चालते, चहात साखर नाही. पण दुपारचे चार वाजले की अशी भूक लागते की हात थरथरतात. मग ओट्यापाशी उभ्या उभ्याच मुलाच्या डब्यातली उरलेली पोळी गुळासोबत खाते, तेव्हा कुठे जिवात जीव येतो. इंजेक्शन चालू होतं तेव्हा चार कधी वाजले ते कळायचंही नाही.

कृपया "कमी खा, जास्त चाला" सांगू नका, दहा वर्षं तेच ऐकते आहे. ज्यांनी औषध थांबवून वजन टिकवलंय त्यांनीच सांगा. आणि लवकर सांगा, पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, ब्लाउज डिसेंबरच्या मापाने शिवून आलेत.

शून्य_मैल
कोणतं इंजेक्शन? मधुमेहासाठी होतं की फक्त वजनासाठी? का थांबवलं? डॉक्टरांनी थांबवलं की तुम्ही? वय, उंची? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

घाईत_आहे
मौंजारो, भूक मारून साखर आणि वजन उतरवणारं, अजून कोणतं असणार. मधुमेह आहे, सहा वर्षांपासून. पैशांमुळे थांबवलं. २०२५ मध्ये सुरू केलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची व्हायल (छोटी बाटली) साडेतीन हजारांना होती, पाचची ४३७५ ला, आणि आठवड्याला एक. महिन्याला साडेसतरा हजार आमच्याकडे झाडाला लागत नाहीत, मुलगा बारावीला आहे. डॉक्टरांना सांगूनच थांबवलं. वय ४७.

दोनवेळा_पुरे
ताई, मी २०१८ पासून डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत. ८८ चा ७४ झालो, अजून ७४ वरच आहे. एक रुपया खर्च नाही. चारचं खाणं आधी बंद करा. ती भूक नाही, सवय आहे. तेवढ्या वेळात पाणी किंवा पातळ ताक प्या. आठ दिवसांत जाईल.

कऱ्हेचं_पाणी
व्हायल फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार उघडझाप होतं तसं तापमान बदलतं. आतल्या कप्प्यात ठेवा, २ ते ८ अंश. फ्रीझरला चिकटवून अजिबात नको, गोठलेलं औषध टाकून द्यावं लागतं. माझ्या सासूबाईंची दोन इन्सुलिनची पेनं अशीच वाया गेली.

घाईत_आहे
अहो, मी इंजेक्शन बंद केलंय.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत असते. माझ्याकडे विम्याने पैसे देणं थांबवल्यावर बंद करावं लागलं, दहा महिन्यांत उतरलेल्याच्या निम्म्याहून जास्त परत आलं. तेव्हा स्वतःला फार दोष दिला, म्हणून तुला आधीच सांगते. ह्याच औषधाची एक मोठी चाचणी २०२३ च्या शेवटी प्रसिद्ध झाली. त्यात मधुमेह नसलेले लोक होते. ३६ आठवड्यांत सगळ्यांचं मिळून सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं. मग निम्म्यांना न सांगता औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. त्यांचं पुढच्या वर्षभरात १४ टक्के वाढलं आणि ज्यांचं चालू होतं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. ते सगळे काय आळशी होते? वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं, बसल्या जागी कमी जाळतं. औषध त्या भुकेवर हात ठेवून होतं, तो हात निघाला. तुझी जिद्द कमी पडली असं मनात आणू नकोस गं.

दोनवेळा_पुरे
म्हणजे आयुष्यभर टोचत राहायचं? हे कंपन्यांना हवंच आहे.

एडिसनकर
रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घेतो तेव्हा असं म्हणतो का आपण? मी आता कमी डोसवर परत सुरू केलंय, स्वतःच्या खिशातून. सगळ्यांना जमेल असं नाही, पण ह्यात लाज कसली?

मेडिकलवाले_काका
माझं २२ वर्षं औषधांचं दुकान आहे. ताई, एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही आणि कोणी विचारलीही नाही. इंजेक्शन थांबवल्यावर त्याच्या जागी साखरेसाठी काय दिलंय? सगळ्या गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट लिहा.

घाईत_आहे
त्या साखरेच्या गोळ्या आहेत, वजनाशी काय संबंध? मेटफॉर्मिन आधीपासून आहे. नोव्हेंबरपासून एक गोळी वाढवली, ग्लिमेपिराइड २, सकाळी नाश्त्याआधी. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) इंजेक्शनवर ६.१ टक्के होती, नंतर तपासलेली नाही.

मेडिकलवाले_काका
संबंध आहे, आणि थेट आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. साखर कमी असली तरी लावते. त्यामुळे दोन गोष्टी होतात: वजन थोडं वाढतं आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. खाली गेली की हात थरथरणं, घाम, छातीत धडधड आणि पोटात आग पडल्यासारखी भूक. तुम्ही चारच्या वेळेचं वर्णन केलंय ते मला नुसत्या भुकेचं वाटत नाही.

घरी साखर मोजायचं मशीन आहे ना? उद्या थरथर सुरू झाली की पोळी तोंडात घालायच्या आधी बोट टोचा. ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. मग डॉक्टरांना फोन. गोळी मनाने बंद करू नका.

@दोनवेळा_पुरे, ह्या गोळीवर असलेल्या माणसाला चारचं खाणं बंद करायला सांगणं धोक्याचं आहे. ताक पिऊन ती साखर वर येणार नाही.

दोनवेळा_पुरे
डॉ. दीक्षितही मधुमेहींना डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सांगतात. गोळी आहे हे मला कुठे माहीत होतं? पण गोळी नसेल तर माझं म्हणणं कायम आहे. हजारो लोकांना फायदा झालाय.

मेडिकलवाले_काका
झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी गोळ्या विचारायच्या, मग उपवास सांगायचा. माझ्या दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ घामाने निथळत बसले होते, ते अशाच एका उपवासाच्या दिवशी. ग्लुकोजचं पाकीट फाडताना माझेच हात कापत होते.

ज्वारीची_भाकरी
मूळ दोष गव्हाचा आहे. पोळी सोडा, ज्वारीची भाकरी धरा. आमच्या आजीला ८४ पर्यंत साखर नव्हती.

शून्य_मैल
भाकरीतही पिष्टच असतं. फरक पडतो तो किती भाकऱ्या खाता त्याने. माझ्या वडिलांनी पोळी सोडून तीन-तीन भाकऱ्या सुरू केल्या, साखर तिथेच राहिली.

ज्वारीची_भाकरी
सोबत मेथीची भाजी आणि कांदा घेतात का? नुसती भाकरी नव्हे हो, ताट अख्खं बदलायला लागतं.

सह्यकडा
भाकरीचा वेगळा धागा काढा प्लीज.

ताई, पाऊण तास चालणं चांगलंच आहे, पण वजन उचलता का? तुमचे जे तेरा किलो गेले त्यात साधारण पाव भाग चरबी नसतो, त्यात स्नायूही असतात. परत येतं ती मुख्यतः चरबी. डेन्मार्कमध्ये लिराग्लुटाइडवर अभ्यास झाला होता, ह्याच घराण्यातलं जुनं औषध. ज्यांनी औषधासोबत देखरेखीखाली नीट व्यायाम केला त्यांचं वजन औषध थांबल्यावर वर्षभराने, नुसत्या औषधावर असलेल्यांपेक्षा कमी परत आलं.

जिमला जायला नको. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घ्या, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भिंतीला हात लावून दंड मारा. आठवड्यातून तीनदा, दर आठवड्याला थोडं वाढवत. आणि प्रथिनं मोजा. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पंचवीस. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला सत्तर-ऐंशीपर्यंत जायला हवं. आपल्या वरण-भात-पोळी-भाजीत एवढं होत नाही, मी दोन आठवडे वहीत लिहून पाहिलंय.

कऱ्हेचं_पाणी
सेमाग्लुटाइड म्हणून ह्याच घराण्यातलं दुसरं औषध आहे, त्याच्या पेटंटची मुदत आपल्याकडे मार्च २०२६ पर्यंतच होती ना? मग भारतीय कंपन्यांचं स्वस्त येईल. तोवर थांबावं.

मेडिकलवाले_काका
आलं तर चांगलंच. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि फोनवरच्या ग्रुपमधून कोणी घेऊ नका. वाटेत सतत थंड ठेवून आणलंय की नाही हे तुम्हाला कळणार नाही.

घाईत_आहे
काका, आज मोजलं. चार वाजून चाळीस मिनिटं, हात थरथरत होते, पट्टीवर रक्ताचा थेंब नीट पडेना. ६४.

मशीनच बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या बोटाने परत मोजलं. ६६. साखरेचं पाणी प्यायले, पंधरा मिनिटांनी ९१, आणि भूक गेली. पोळी न खाता गेली. तीन महिने मी स्वतःला हावरट म्हणत होते. डॉक्टरांना फोन केलाय, परवाची वेळ मिळाली. तोवर गोळी अर्धी करायला सांगितलं.

एडिसनकर
वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं ठेव, चालायला जाताना खास.

घाईत_आहे
परवा जाऊन आले. ग्लिमेपिराइड बंद केली, डापाग्लिफ्लोझिन १० दिली. तिने लघवीवाटे साखर जाते, वजन वाढत नाही, झालं तर थोडं उतरतंच. पाणी भरपूर प्यायचं आणि लघवीच्या जागी खाज-आग झाली तर लगेच कळवायचं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची साखर तपासायला दिली, साखर ६.९ आली.

डॉक्टर हेही म्हणाले की सगळा दोष गोळीचा नाही. इंजेक्शनचा असर उतरला की जेवणानंतरची तृप्ती कमी होणारच, ७८ वर थांबवणं कठीण आहे, ८० च्या आसपास धरलं तरी साखरेच्या दृष्टीने पुष्कळ. स्वस्त पर्याय आला तर बघू म्हणाले. मला ८० ऐकून वाईट वाटलं, खरं सांगते.

चार दिवस झाले, थरथर नाही. चारला भूक लागते, पण वाटीभर भिजवलेले हरभरे खाऊन भागते. पाण्याचे कॅन उचलायला लागलेय, काल दंड भरून आले. आज ८२.४. ब्लाउज शेजारच्या टेलरकडे अर्धा इंच सोडवायला दिलेत.

सह्यकडा
दंड भरून आले तर एक दिवस सोडून करा. रोज नको.

शून्य_मैल
उंची अजून सांगितली नाही.

घाईत_आहे
पाच फूट दोन.