अनुभव धागा : केमोच्या दिवसांत कुणाला हाक मारलीत?

मला स्तनाचा कर्करोग निघाला त्याला आता सहा वर्षं होतील. औषधांबद्दल डॉक्टर बोलले, खाण्याबद्दल सगळं गाव बोललं. पण रात्री तीनला, स्टेरॉइडमुळे टक्क जाग असताना मन कुठे टेकवायचं, ते कुणीच सांगितलं नाही. तुम्ही काय केलंत? देवाशी भांडला असाल तर तेही लिहा. काढे आणि नवस मात्र सुचवू नका, हात जोडते.

—

भांडले ना! 'मागच्या जन्मीचे भोग' असं एक नातलग बाई आमच्याच घरी, आमचाच चहा पिऊन सांगून गेल्या. सहा महिने देवघराकडे फिरकले नाही. नवऱ्याला उदबत्त्या कुठे असतात तेही ठाऊक नव्हतं, पण तो रोज दिवा लावायला लागला. माझ्यासाठी नाही म्हणे. देव अंधारात बसलेत म्हणून.

—

आम्ही लातूरकडचे. उपचार परळला टाटामध्ये, मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. संध्याकाळी चार-पाच बायका जमायचो, सगळ्यांच्या डोक्याला रुमाल. अभंग मी धरायची. एक बंगाली बाई होती, तिला शब्द कळत नव्हते, पण स्टीलच्या डब्यावर चमच्याने ठेका असा द्यायची की काय सांगू! एकदा तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी झाले, केमो पुढे ढकलली. त्या दिवशी ती तिच्या भाषेत काहीतरी गायली. डबा मी वाजवला.

—

डॉक्टरांनी उपास बंद केले, माझी संकष्टी चुकणार म्हणून मी रडत होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझी मी धरते, तू जेव." स्वतःच्या एकादश्या होत्याच, वर ही. वय ७४.

—

मी नास्तिक, शाळेत गणित शिकवायचे. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर घेऊन निपचित पडायचं. पंधराही दिवस मनात पावकी-निमकी म्हटली, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, आजोबांनी घोटून घेतलेले. याला अध्यात्म म्हणायचं तर म्हणा बापडे.

—

आईचे शेवटचे दिवस वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात गेले, शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांना सांभाळतात तिथे. सिस्टर ख्रिस्ती, आई माळकरी. मला उगाच धाकधूक. पहिल्याच संध्याकाळी सिस्टरनी जपाची माळ उचलली आणि विचारलं, "आजी, कुठल्या हातात देऊ?" ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजलेला होता ना.

"डाव्या," आई म्हणाली.