सेकंडहँड फायबर होडी + दोन आउटबोर्ड, घेऊ का? (वेंगुर्ला-मालवण पट्टा)

निवतीचो_झिल:
नमस्कार मंडळी. मी आणि चुलतभाऊ मिळून एक जुनी होडी बघतोय. २४ फुटी फायबर, मागे दोन आउटबोर्ड (फळीवर बाहेरून लटकणारी) इंजिनं, यामाहा एन्ड्युरो ४० एचपी, टू स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची), टिलरवाली (हातातल्या दांड्याने वळवायची). आधी तारकर्लीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला चालायची, त्यामुळे बाक वगैरे आहेत, ते काढून टाकू. मालक साडेपाच लाख सांगतोय आणि म्हणतो १ जूनच्या आत काय ते सांगा, नंतर दुसरं गिऱ्हाईक आहे. आमचं काम म्हणजे १०-१२ वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात जाळी टाकायची, बांगड्याच्या दिवसात बांगडा, मध्येच गळाला सुरमई. घरात होडी होती पण ती लाकडाची आणि वल्ह्यावरची, इंजिनातलं आम्हा दोघांना फारसं कळत नाही. काय काय बघून घेऊ? आणि दोन इंजिनं असलेली बरी ना, एक बंद पडलं तर दुसरं असतं?

खाडीकाठ:
इंजिनाचं बोलणारे खूप येतील, मी आधी कागदाचं बोलतो कारण पैसे तिथेच अडकतात. पर्यटनाची बोट आणि मासेमारीची होडी यांची नोंद एकाच खिडकीवर होत नाही. प्रवासी बोटीचं बघतं मेरीटाइम बोर्ड, मासेमारीचं मत्स्यव्यवसाय खातं. म्हणजे मालक तुला जो कागद दाखवेल तो मासेमारीसाठी उपयोगाचा नसणार, तुला रिअलक्राफ्ट या सरकारी नौका-नोंदणी पोर्टलवर मासेमारी नौका म्हणून नव्याने नोंदणी करावी लागेल आणि त्यानंतर १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा परवाना वेगळा. तेव्हा इसार द्यायच्या आधी तुमच्या बंदराच्या परवाना अधिकाऱ्याला जाऊन भेट, होडीचे फोटो आणि असतील ते कागद दाखव, विचार की साहेब ही माझ्या नावावर मासेमारीला चढेल का. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीलाही सोबत ने, त्याला सगळं पाठ असतं. बँकेचा बोजा आहे का तेही बघ. आणि दोन्ही इंजिनांची बिलं माग. ब्रॅकेटवर जी पट्टी असते तिच्यावरचा नंबर बिलाशी जुळव. पट्टी खरवडलेली असेल किंवा बिल "घरी आहे, नंतर देतो" असं असेल तर नमस्कार करून घरी ये. चोरीची इंजिनं या किनाऱ्यावर फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे.

देवगडचो_आबा:
झिला, दोन इंजिना असली म्हणान भरवसो ठेव नको. दोन्ही एकाच टाकयेतला पेट्रोल पितत. टाकयेत पाणी गेला की दोन्ही एकाच टायमाक गप. वल्ही आणि नांगर होडयेत असूकच होयो.

आउटबोर्ड_मेस्त्री:
आबांशी शंभर टक्के सहमत. टाक्या वेगळ्या, पाइप वेगळे, फिल्टर वेगळे असतील तरच ती दोन इंजिनं, नाहीतर एकच समजायचं.

आता बघायचं काय ते सांगतो, जरा लांब होईल. इंजिनाच्या आधी ट्रान्सम बघ, म्हणजे मागची फळी जिच्यावर इंजिन लटकतं. बाहेरून फायबर दिसतं पण आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी आत शिरून ते कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली जोरात हलव आणि भावाला सांग फळीकडे बघत राहा. फळी लवली किंवा बोल्टाजवळून तांबडं पाणी झिरपलं तर ते काम छोटं नाही, फळी कापून नवीन बसवावी लागते. दोन चाळीसचं वजन रोज त्या फळीवर होतं हे विसरू नको. आणि बाक काढून टाकणार म्हणतोस, त्याच्या स्क्रूची भोकं नीट राळ भरून बंद कर, नाहीतर तळाच्या लाकडात तिथूनच पाणी जाणार.

इंजिन बघायला जाशील तेव्हा न सांगता जा, निदान ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी. कव्हर काढून हात लाव, गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन दोरीला लवकर येत नसणार. नवाकोरा रंग मारलेला खालचा पाय मला कधीच आवडत नाही, त्याच्याखाली गंज झाकलेला असू शकतो. प्लग काढून बघ. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेज लावून घ्यायला सांग, आकडा किती यापेक्षा सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे काहीतरी खाल्लेलं आहे.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू सैल कर, थोडंसं बोटावर घे. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा तंगूस, म्हणजे जाळ्या-गळाचा नायलॉनचा धागा. पंख्यामागे शाफ्टला तंगुसाचा धागा गुंडाळला जातो आणि सील कापून टाकतो, वरून काही दिसत नाही. म्हणून पंखा काढूनच बघ, पिन काढून दोन मिनिटांचं काम आहे. पंख्याच्या आतलं रबर पण बघ, ते सुटलं असेल तर इंजिन ओरडतं पण होडी पुढे सरकत नाही.

शेवटी ट्रायल, पण किनाऱ्यालगत दोन फेऱ्या मारून नको. थंड इंजिनावर सुरुवात, चार-पाच माणसं बसवून अर्धा तास बाहेर, प्रत्येक इंजिन एकटं चालवून. मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत आणि जोरात येते का बघ. फुल थ्रॉटलला आरपीएम ४५०० ते ५५०० मध्ये पोचले पाहिजेत, होडीवर मीटर नसतो म्हणून मेकॅनिककडून हातातला घेऊन जा. परत येताना गरम असताना बंद कर, दहा मिनिटं थांब, परत चालू कर. गरम इंजिन चालू न होणं हा आजार थंड्यात कळत नाही.

अलिबाग_आक्षी:
मी म्हणेन टू स्ट्रोकच्या भानगडीतच पडू नकोस, फोर स्ट्रोक घे. पेट्रोल कमी, धूर नाही, ऑइल मिसळायची कटकट नाही.

आउटबोर्ड_मेस्त्री:
@अलिबाग_आक्षी मुद्दा पेट्रोलचा बरोबर आहे. पण फोर स्ट्रोक वजनाने जड आणि निवतीसारख्या ठिकाणी जिथे होडी वाळूवर ओढायची, इंजिन खांद्यावरून न्यायचं तिथे ते जाणवतं. शिवाय एन्ड्युरो बिघडला तर गावातला मेकॅनिक पाना-पक्कड घेऊन उघडतो, स्पेअर मिळतात. सेकंडहँड फोर स्ट्रोक ज्याची सर्व्हिस कुणी केली माहीत नाही, तो मी कुणाला घे म्हणणार नाही.

निवतीचो_झिल:
बापरे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. परवाना अधिकाऱ्याकडे सोमवारी जातोय. एक विचारायचं राहिलं, दोन चाळीस चालवायला पेट्रोल किती लागेल? मालक म्हणतो "काय नाय लागत".

खाडीकाठ:
मालकाला लागत नसेल, त्याचे पैसे डॉल्फिन बघणारे भरायचे 😀

फुल थ्रॉटलला एक चाळीस टू स्ट्रोक तासाला १५-२० लिटर पितं. दोन म्हणजे ३० ते ४०. लिटरचा भाव शंभराच्या वर, वरून ऑइल. तासाला तीन-चार हजार जाळून बांगडा आणायचा असेल तर बांगड्याने पण हसायचं. दोन तृतीयांश थ्रॉटलवर खर्च बराच उतरतो पण तरी दोन चाळीस मासेमारीला नको. पर्यटनवाल्यांना दहा-बारा माणसं घेऊन झटकन जाऊन यायचं असतं, म्हणून ती लावतात. तुला जाळ्यापर्यंत पोचायचंय आणि तिथे हळूहळू ओढायचंय.

देवगडचो_आबा:
एक चाळीस ठेव, दुसरा ९.९ एचपीचा घे. चाळीस बंद पडला तर ९.९ वर हळूहळू घरी येशीत. त्याची टाकी वेगळी ठेव. शाफ्ट लांब होयो की आखूड ता बघून घे.

आउटबोर्ड_मेस्त्री:
आबा मोजक्या शब्दात बोलतात पण नेमकं बोलतात. शाफ्ट १५ इंच आणि २० इंच असे येतात. इंजिनाच्या पायावर पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत आली पाहिजे. फळी उंच आणि शाफ्ट आखूड असेल तर लाटेवर पंखा हवा खातो आणि इंजिन किंचाळतं, फळी बुटकी आणि शाफ्ट लांब असेल तर पाणी उडवत पेट्रोल जाळत राहतो. टेप घेऊन जा.

आणि १ जूनची घाई करतोय ना मालक, त्याचं कारण सरळ आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होडी एकदा वर ओढून झाप टाकली की ऑगस्टपर्यंत ट्रायल नाही. तू न बघता पैसे देणार आणि इंजिनात काय आहे ते नारळी पौर्णिमेनंतर कळणार. ट्रायल मेमध्येच घे, नाही देत म्हणाला तर इसार देऊ नको.

निवतीचो_झिल:
अपडेट. परवाना अधिकारी म्हणाले होडी चढेल पण मोजमाप करून नव्याने, आणि पर्यटनाची नोंद मालकाने आधी रद्द करून तसा कागद द्यायला हवा. ट्रायल पण झाली. फळी खणखणीत आहे. डाव्या इंजिनाचं गिअर ऑइल मेस्त्री म्हणाले तसंच चहाच्या रंगाचं, पंखा काढला तर मागे तंगुसाचा गोळा. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. उजवं चांगलं आहे, धार जोरात, गरमवर पण एका दोरीत चालू. म्हटलं होडी आणि उजवं इंजिन द्या, डावं तुमचं तुम्ही ठेवा, साडेतीन लाख. कुरकुर करत ३ लाख ७० हजारावर आला, रद्द झाल्याचा कागद हातात आल्यावर बाकीचे पैसे. शेवटी नाखवा झालो 😀 आता पावसाळ्यात इंजिन कसं ठेवू?

आउटबोर्ड_मेस्त्री:
अभिनंदन रे. आता हे नीट वाच.

होडीवरून इंजिन काढ. पिंपात गोडं पाणी भर, खालचा पाय पंख्याच्या वरपर्यंत बुडव आणि न्यूट्रलवर दहा-पंधरा मिनिटं चालव. चाळीसला पिंप मोठं लागतं, नाहीतर पाणी घ्यायच्या जाळीवर बसणारे रबरी कप मिळतात, त्यात नळाची नळी लाव. पाण्याशिवाय एक सेकंद पण चालवू नको, इंपेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचं चाक) रबराचा असतो, कोरडा फिरला की जळतो. चालत असतानाच पेट्रोलची नळी काढ, कार्बोरेटरमधलं सगळं जळून इंजिन आपोआप बंद होऊ दे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं, दोन महिने कार्बोरेटरमध्ये राहिलं तर ऑगस्टमध्ये जेट साफ करत बसशील. टाकीतलं उरलेलं मोटरसायकलमध्ये घालू नको, त्यात ऑइल आहे.

मग प्लग काढून भोकात थोडं टू स्ट्रोक ऑइल, दोरी हळू दोन-चारदा ओढ, प्लग परत. गिअर ऑइल आत्ताच बदल, ऑगस्टमध्ये नाही, कारण आत पाणी असेल तर दोन महिने बेअरिंगवर बसेल. भरताना खालच्या भोकातून भर, वरच्यातून बाहेर आलं की झालं. स्क्रूचे वॉशर नवीन घाल, दहा-वीस रुपयांसाठी जुने परत लावू नको. इंपेलर पण याच वेळी नवीन टाक, आधीच्या मालकाने कधी टाकला ते त्यालाच माहीत नसेल. झिंकचा तुकडा (इंजिनाऐवजी स्वतः गंजायला लावलेला) अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदल आणि त्याच्यावर रंग मारू नको, रंग मारला की त्याचा उपयोग संपला.

इंजिन उभंच ठेव म्हणजे आतलं पाणी निथळतं. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू नको, घाम धरतं. जुनी चादर बास. उंदरांना वायर आवडते तेवढं बघ.

सीझन चालू झाल्यावर ऑइल लिटरला २० मिली, टीसी-डब्ल्यू३ (आउटबोर्डच्या टू स्ट्रोक ऑइलची खूण) लिहिलेलंच. बाइकचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. रोज आल्यावर गोड्या पाण्याने धू.

देवगडचो_आबा:
आणि होडयेचा बुच काढून ठेव पावसात. लोक इसरतत.

निवतीचो_झिल:
काढला. ९.९ कुणाकडे विकायला असेल तर कळवा, २० इंची शाफ्ट, बिलासकट.