नवतपा तोंडावर आला, वाडीत काय ठेवू अन् काय उपटू?

वाडीतली_सून (आर्वी, जि. वर्धा)
नमस्कार मंडळी. घरामागं दोनेक गुंठ्यांची वाडी आहे, जमीन काळी. भेंडी, ढेमसे, वांगी, टमाटर, थोडा सांभार (कोथिंबीर). मार्चपर्यंत झकास होतं. आता पारा ४५ च्या घरात, अन् नवतप्याचे नऊ कडक उन्हाचे दिवस अजून यायचेच आहेत. टमाटराची फुलं गळून राहिली. ढेमशाच्या वेलावर फुलंच फुलं, फळ धरत नाही. विहिरीनं तळ दाखवला, मोटर जेमतेम अर्धा तास चालते. सासूबाई म्हणतात, सगळं उपटा, वाडी तापू द्या, मिरगात नव्यानं पेरू. पण भेंडी-वांगी उपटायचं जिवावर येते. काय करू?

काळी_माती (दारव्हा)
ताई, सासूबाईचं निम्मं ऐका. टमाटर आणि सांभार काढून टाका. दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहिलं की टमाटराचे परागकण निकामी होतात, कितीही पाणी द्या. तेच पाणी वांग्याला जाऊ द्या.

ढेमशाचं वेगळं आहे. लांब दिवस आणि उन्हामुळं वेलाला नर फुलं जास्त येतात. फुलामागं बारीक लवदार गोळी दिसली तर ती मादी. सकाळी नर फूल तोडून मादीवर घासून पाहा. मादीच नसंल तर वेल जगवा फक्त, ढग आले की धरते.

आता भेगा पाहा. काळ्या जमिनीत भेगेत बोट जाते, तिथं मुळं तुटतात आणि ओलही उडते. खुरप्यानं वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून भेगा बुजवा, मग पाणी द्या, आणि वर कुटार, म्हणजे भुसा, पसरा. गव्हाचं, तुरीचं, जे असंल ते. बुडाशी चिकटवू नका, उधई (वाळवी) लागते. पाणी दिवस मावळल्यावर.

खुरपं_आणि_मी (अकोट)
वरच्या भाऊंशी सहमत, पण टमाटर सरसकट उपटू नका. झाड निरोगी असेल तर शेंडे छाटून पश्चिमेकडून ५० टक्के सावलीवाली हिरवी जाळी बांधा. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारचं अडवा. जाळी नसेल तर पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) आडोसाही चालतो.

वांग्याची पानं उलटून पाहिली का? पिवळे ठिपके आणि खाली बारीक जाळं म्हणजे लाल कोळी. उन्हाळ्यात हमखास. पानाच्या खालच्या बाजूनं जोरात पाणी मारा, बरेच निघून जातात. दुकानदार गंधक देईल, पण या उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात, आणि ढेमशासारख्या वेलांना तर ते सोसतच नाही.

काळी_माती
पाणी कुठं आहे भाऊ टमाटर छाटून जगवायला? अर्धा तास मोटर चालते म्हणून राहिल्या त्या.

खुरपं_आणि_मी
चार-दोन झाडं म्हणतो मी. बादलीनं पुरते.

धानवाला (गोंदिया)
आमच्याकडं धानाची माती, पण पावसाचं गणित तेच. तयारी मिरगात नाही, रोहिणीतच करायची. नवतपा २५ मेच्या आसपास लागतो. त्याच दिवसांत वांगी-मिरचीचं रोप सावलीत गादीवाफ्यावर टाका. पाच-सहा आठवड्यांत तयार होते, म्हणजे आर्द्रा सरता सरता लावणी. काळ्या जमिनीत पावसाआधीच वरंबे उंच करून पाणी निघायला चर काढून ठेवा. एकदा चिखल झाला की कुदळ चालत नाही, आणि पाणी तुंबलं तर रोपं बुडातून कोलमडतात.

पहिल्या सरीवर दोडका-कारली टोकू नका. मिरगाची एखादी सर ७-८ जूनला येते, अन् मग हप्ताभर कडक ऊन. माती आतून गरमच असते, बी उगवून करपते. मॉन्सून आपल्याकडं साधारण जूनच्या मध्याला पोचतो. ओल वीतभर खाली गेली का ते उकरून पाहा, मग टोका.

वाडीतली_सून
पानं उलटून पाहिली, जाळं आहे! टमाटराची तीनच झाडं ठेवते. भेंडीचं पावसाळ्यात काय करायचं? कमरेएवढी झाली.

काळी_माती
पाऊस लागला की गुडघ्यावर छाटा, बाजूनं फुटवे येतात. पण पानाच्या शिरा पिवळ्या असतील तर तो केवडा. ते झाड आत्ताच उपटा. पांढरी माशी तो रोग पसरवते. नवीन बी परभणी क्रांतीचं घ्या, केवडा कमी येते.

खुरपं_आणि_मी
आणि पाऊस लागल्यावर निंबोळ्या पडतील, त्या वेचून वाळवून ठेवा. पाच किलोचा १०० लिटर अर्क होतो, पावसाळी किडीला घरचं औषध. कुटारही तेव्हा झाडापासून सरकवा, नाहीतर त्याखाली गोगलगायी बसतात.

वाडीतली_सून
बरं. उद्यापासून वरंबे. सासूबाईंना अजून सांगितलं नाही टमाटराचं.